एक गल्ला, तीन भावंडं: दुकान चालवणाऱ्या घराचे स्वभाव कादंबरीत कसे उभे करावेत

माझे मोठे बाबा, बाबा आणि काका नागपूरच्या इतवारीत एकाच गल्ल्यावर बसायचे. मोठे बाबा नोटा दोनदा मोजायचे, दुसऱ्यांदा गड्डी उलटी धरून. बाबा एकदाच मोजायचे. काका मोजायचेच नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता नोटा गल्ल्यात टाकायचे आणि वर विचारायचे, "वहिनीची तब्येत कशी आहे आता?" रात्री रोकड जुळली नाही की संशय काकांवर जायचा, खुद्द काकांचासुद्धा. पण ज्यांच्या दारात मोठ्या बाबांना उधारीसाठी चार-चार चकरा माराव्या लागायच्या, तीच माणसं पोळ्याच्या आधी आपणहून येऊन काकांच्या हातात पैसे ठेवायची.

तिघांचे स्वभाव भिन्न होते, एवढं म्हणून काहीच सांगून होत नाही. भिन्न कशामुळे, आणि त्या भिन्नपणामुळे दुकानाचं काय व्हायचं, हे सांगता आलं तर कादंबरी सुरू होते. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत घरचा धंदा चालवणारी भावंडं वारंवार येतात, आणि बहुतेक वेळा थोरला कंजूष, धाकटा उधळ्या, बहीण समजूतदार अशी वाटणी आधीच झालेली असते. पन्नासाव्या पानावर शेवट कळतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्यानं ते घर खरोखर पाहिलेलं असतं. म्हणून मी ज्या रीतीनं काम करते ती इथे पायरी-पायरीनं मांडते आहे. उदाहरण एकच धरते: नागपुरात कूलर बनवणारं घर. थोरला भाऊ, मधली बहीण, धाकटा भाऊ. नावं तुम्ही ठेवा.

पहिली पायरी: आधी धंद्याचं वर्ष समजून घ्या

स्वभावाच्या आधी धंदा, हा क्रम मोडू नका. धंद्याचं वेळापत्रक कळल्याशिवाय माणसं कशावरून भांडतील तेच कळत नाही.

कूलरचं पाहा. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर सहज जातो, त्यामुळे होळीपासून पहिल्या पावसापर्यंत विक्री. पण माल त्याआधी तयार लागतो. दिवाळी झाली की पत्रा आणायचा, कापायचा, बॉडी वाकवायची, टाकी बसवायची, पंखा, पंप, तीन बाजूंना पाणी धरणाऱ्या ताट्या. म्हणजे पैसा हिवाळ्यात जातो आणि उन्हाळ्यात येतो, आणि जूनमध्ये पाऊस आला की उरलेला माल गोदामात वर्षभर पडतो. यंदा किती कूलर करायचे हा आकडा जानेवारीत, अंगावर स्वेटर असताना ठरवावा लागतो, आणि तोही निव्वळ अंदाजानं. या घरातलं जवळजवळ प्रत्येक भांडण फिरून या आकड्यावर येईल.

आता धंदा बदलून बघा. संत्र्याचा व्यापार घेतला तर आंबिया बहाराचं फळ हिवाळ्याच्या तोंडाशी येतं आणि मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चकडे. कळमन्याच्या बाजारात उतरलेला माल कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही, म्हणून या धंद्यातल्या भावांचं भांडण दुपारपर्यंत मिटवावंच लागतं, मनातून मिटो न मिटो. सराफ्यात उलट आहे. सोनं नासत नाही, त्यामुळे इतवारीतल्या एखाद्या पेढीवर दोन भाऊ दहा वर्षं न बोलता शेजारी बसू शकतात. सावजी भोजनालयात रोकडा रोज येतो, पण मसाल्याचं प्रमाण एकाच्याच हातात असतं, आणि तो हात ज्याचा त्याला घराबाहेर काढता येत नाही.

तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा: पैसा कधी जातो आणि कधी येतो? काय नासतं, किती दिवसांत? कोणतं काम एकाच माणसाला येतं? उत्तरं मिळवायला दुकानात जाऊन बसा, आणि सीझन नसताना जा. तेव्हा माणसं बोलतात.

दुसरी पायरी: प्रत्येक भावंडाचं दहावं वर्ष लिहा

या लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. तिला हवा तेवढा वेळ द्या, महिना गेला तरी चालेल.

भावंडांचे आई-बाप तेच असतात, असं आपण धरून चालतो. धंद्याच्या घरात ते तसं नसतं. धंदा वाढत किंवा बसत असतो, आणि प्रत्येक मूल त्याच्या वेगळ्या टप्प्यावर डोळे उघडतं. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे तो दहा वर्षांचा होता ते साल लिहा आणि त्या साली दुकान काय होतं ते सविस्तर मांडा.

आपला थोरला 1974चा. तो दहा वर्षांचा झाला 1984 साली. तेव्हा दुकान नव्हतंच. वडील घराच्या ओसरीत पंखे दुरुस्त करायचे आणि ऑर्डर आली तर कूलर बनवायचे. त्या वर्षी त्यांनी हिंमत करून उधारीच्या पत्र्यावर वीस कूलर केले आणि पाऊस लवकर आला. अकरा कूलर अंगणात उभे राहिले. पोरं त्यांच्या मधल्या जागेत झोपायची, आणि रात्री पाऊस पत्र्यावर वाजला की वडील उठून बसायचे. थोरल्यानं वडिलांचा जागेपणा पाहिला. पुढे आयुष्यभर त्याला न विकलेल्या मालाचा आवाज येतो. बाहेरचे त्याला चिकट म्हणतात, म्हणोत. तुम्हाला लेखक म्हणून तो आवाज माहीत पाहिजे.

मधली 1979ची, तिचं दहावं साल 1989. तोवर भाड्याचं दुकान झालेलं आहे आणि उधारीची वही आई लिहिते. आईचं अक्षर वाईट म्हणून ती मुलीला समोर बसवते. मुलगी नावं लिहिता लिहिता गावं शिकते: उमरेड, काटोल, वर्धा, भंडारा. कोण दसऱ्याला देतो, कोण पोराच्या शपथा घालतो आणि देत नाही, हे तिला भूगोलाच्या आधी पाठ होतं. ती माणसं वाचते.

धाकटा 1988चा. 1998 साली गोदाम आहे, दारात टेम्पो आहे, आणि तो वडिलांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून वसुलीला जातो. जाईल तिथे त्याच्यासाठी थंड मागवलं जातं. वडिलांना लोक नमस्कार करतात. जागे राहणारे वडील त्यानं पाहिलेलेच नाहीत. पैसा गेला तर परत येतो, असं त्याला मनापासून वाटतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तो नेहमी परत आलेला आहे.

आता बघा, तिघांपैकी कोणीच चुकीचं नाही. तिघांचे वडील वेगळे आहेत एवढंच. आणि तिघंही भांडताना "बाबा असते तर" याच शब्दांनी सुरुवात करणार, प्रत्येक जण आपापल्या बाबांना साक्षीला बोलावून.

एक सावधगिरी. दहाव्या वर्षाचा हा मजकूर कादंबरीत जसाच्या तसा टाकू नका. तो तुमच्यासाठी आहे. वाचकाला त्यातलं एखादंच चित्र द्या, तेही उशिरा.

तिसरी पायरी: एकच प्रसंग, तीन आठवणी

तिघंही हजर असतील असा एक जुना प्रसंग ठरवा आणि तिघांच्या तोंडून पानभर लिहून काढा. मी या घरासाठी करंटचा प्रसंग घेईन. लोखंडी बॉडी आणि आत पाणी. अर्थिंग नीट नसेल तर कूलर जीव घेतो, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात.

समजा 2001च्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या बायकोला कूलरचा झटका बसतो. ती वाचते. दुपारी दोनला तो माणूस रिक्षावर कूलर लादून दुकानासमोर आणतो आणि काही न बोलता रस्त्यात उतरवतो. सत्तावीस वर्षांच्या थोरल्याला आठवतं की त्या कूलरची वायर कोणत्या लॉटमधली होती आणि त्या लॉटचे आणखी किती कूलर गावात गेले होते. मधलीला आठवतं की त्या माणसाच्या पायात चप्पल नव्हती, मे महिन्याच्या डांबरावर. तेरा वर्षांच्या धाकट्याला आठवतं की वडिलांनी सगळ्यांसमोर हात जोडले, आणि त्याला ती जागा सोडून पळून जावंसं वाटलं.

तीन पानांत एकही वाक्य सारखं आलं नाही, तर तुमची माणसं वेगळी झाली. सारखी आली तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

चौथी पायरी: विशेषणं काढा, पैशाचा निर्णय द्या

भित्रा, धाडसी, प्रेमळ, हिशेबी, असे शब्द कच्च्या खर्ड्यात जिथे असतील तिथे खोडा आणि त्या जागी पैशाचा एक निर्णय ठेवा. घर चालवणाऱ्या माणसाचा स्वभाव पैशापाशी लपत नाही. जानेवारीतला तोच आकडा घेऊन मी एक प्रसंग लिहून दाखवते.

*गोदामात ट्यूबलाइट एकच होती आणि ती फडफडत होती. थोरल्यानं कापलेल्या पत्र्याचा तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला.*

*"किती?"*

*"आठशे," धाकटा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.*

*"मागच्या साली किती उरले?"*

*"एकशे दहा. पण मागच्या साली पाऊस मे मधीच आला नं दादा."*

*"याही साली येईन."*

*धाकट्यानं मोबाइल त्याच्यासमोर धरला. प्लॅस्टिक बॉडीचे कूलर होते, पांढरे, चाकं असलेले. "हे पाहा. लोकं हे घेऊन राहिले. आपण कमी केले तर दुकानदार आपल्याले विसरून जाईन."*

*मधली उलट्या डब्यावर बसून वहीची पानं उलटत होती. "वर्धेवाला पंच्याहत्तर मागून राहिला," ती म्हणाली. "चाळीस हजार जुनी बाकी आहे त्याच्याकडं."*

*"त्याले एकही देऊ नको," थोरला म्हणाला.*

*"एप्रिलमध्ये पोरीचं लग्न आहे त्याच्या. लग्नाच्या आधी तो पैसा देणार नाही, अन् लग्नानंतर त्याच्याजवळ राहणार नाही." तिनं पान उलटलं. "तीस द्या. रोखीनं. लग्नाला मात्र आपण तिघं जाऊ."*

*थोरल्यानं पत्र्याचा तुकडा खाली ठेवला नाही, ढिगाच्या कडेला कड जुळवून ठेवला.*

इथे कोणी कोणाला "तू घाबरतो" म्हटलं नाही. तिघांनी आपापल्या दहाव्या वर्षातून उत्तरं दिली. पत्र्याची कड, मोबाइल आणि वही या तीन वस्तू तिघांच्या हातात आपोआप आल्या. मला वाटतं, प्रत्येक भावंडाला एक वस्तू द्यावीच, पण ती त्याच्या कामाची असावी. शोभेचं लॉकेट किंवा वडिलांचं घड्याळ नको.

पाचवी पायरी: कोण कसं बोलतं

"करून राहिलो", "जाऊन राहिली" हे नागपुरात सगळेच बोलतात, त्यानं माणूस वेगळा होत नाही. फरक बारीक ठेवा. वरच्या प्रसंगात "मले-तुले"च्या वळणानं दोघं भाऊ बोलतात, कारण दोघांचं बोलणं मिस्त्री-कारागिरांत घडलं. बहीण शिकायला बाहेर राहिली असेल तर तिची भाषा थोडी पुस्तकाकडे झुकेल, आणि रागावली की परत माहेरच्या वळणावर येईल. धाकटा गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांशी हिंदी बोलतो, थोरला त्यांच्याशीही मराठीच दामटतो. एवढं पुरे. दर ओळीत "काऊन बे" पेरलं की माणूस जाऊन नमुना उरतो.

संबोधनाकडे मात्र फार लक्ष द्या. धाकटा थोरल्याला "दादा, तू" म्हणतो. ज्या दिवशी तो "दादा, तुम्ही ठरवा, तुमचं दुकान आहे" म्हणेल, त्या दिवशी घर फुटलं. या एका "तुम्ही"ची तयारी दोनशे पानं करता येते. आणि वहिनी जी नेहमी "भाऊजी" म्हणते, तिनं एकदा नुसतं नाव घेतलं, तर तेही प्रकरणभर पुरतं.

सहावी पायरी: प्रत्येकाला एकदा बरोबर ठरवा

खरी वर्षं इथे कामाला येतात. 8 नोव्हेंबर 2016ची नोटाबंदी नेमकी पत्रा विकत घ्यायच्या आणि मजुरी रोख द्यायच्या दिवसांत आली. थोरल्यानं अडीअडचणीसाठी कपाटात ठेवलेल्या पाचशे-हजारच्या नोटा, म्हणजे त्याची सगळी काटकसर, एका रात्रीत संकट झाली. ज्या सवयीनं घर तारलं त्याच सवयीनं त्याला बँकेच्या रांगेत उभं केलं.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, सीझन नुकताच संपलेला आणि गोदामात शिल्लक माल. आता कच्च्या चिठ्ठ्या चालत नाहीत. ज्याला सगळे बेफिकीर म्हणायचे तो धाकटा रात्री अकरापर्यंत कॉम्प्युटरवर बिलं भरतो आणि घराला पहिल्यांदा त्याची गरज लागते.

मग 25 मार्च 2020. देशभर टाळेबंदी, ऐन सीझनच्या तोंडावर. धाकट्याच्या हट्टानं केलेले आठशे कूलर कुलूपबंद. थोरला बरोबर ठरला, पण तो पावसाला घाबरत होता, साथीला नाही. असं चुकीच्या कारणानं बरोबर ठरणं कादंबरीला फार देऊन जातं, कारण त्यात जिंकल्याचं सुख नसतं. तो रिकाम्या रस्त्यावरून गोदामाकडे जातो, कुलूप हलवून बघतो, परत येतो, आणि धाकट्याला एक शब्द बोलत नाही. तो बोलत नाही हेच धाकट्याला सहन होत नाही.

सातवी पायरी: कागद कोणाच्या नावावर

हस्तलिखितांत सर्वांत कच्चं काम इथे असतं. भावंडं तावातावानं भांडतात आणि मालकी कोणाची ते लेखकालाच माहीत नसतं.

भागीदारी असेल तर 1932चा भागीदारी कायदा लागू. त्यात एका भागीदारानं धंद्यासाठी केलेला व्यवहार सगळ्यांवर बंधनकारक होतो आणि देण्याची जबाबदारीही सगळ्यांवर येते. म्हणजे धाकट्यानं पत्रेवाल्याला दिलेला शब्द थोरल्याच्या मानेवरही आहे. भागीदार वारला आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर भागीदारीच संपते. वडिलांच्या तेराव्याला हे कोणीतरी हळूच सांगतं, असा प्रसंग लिहून पाहा.

बहिणीच्या हक्काबद्दल नेहमी एक चूक दिसते: 2005च्या आधी मुलीला काहीच मिळत नव्हतं, असं लेखक धरतात. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी यांना सारखा वाटा 1956च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मानं हक्क दिला, आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं.

हक्क कागदावर असतो आणि मग येतं हक्कसोडपत्र. जागेचा हक्क सोडायचा तर ते नोंदवावं लागतं, म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सगळे जमतात. या प्रसंगाला घाई करू नका. वही लिहून दुकान उभं केलेली मधली तिथल्या बाकावर बसली आहे. थोरला तिच्यासाठी पाण्याची बाटली आणतो. धाकटा बाहेर फोनवर. ती पानं उलटते, सवयीप्रमाणे बेरजा तपासते आणि दादाला सांगते की चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी पडली आहे. ती सही करते की नाही, हे तुमच्या कादंबरीवर सोडते. पण ती चूक तिलाच दिसली पाहिजे.

उरलेली कामं

घरात बाहेरून आलेला एक डोळा ठेवा. सून, जावई चालेल; मला पहिल्यापासूनचा जुना मिस्त्री जास्त आवडतो, कारण त्यानं तिघांचीही दहावी वर्षं पाहिलेली असतात. त्याला फार बोलका करू नका.

प्रकरणं सीझनवर बेता. पावसाळ्यात धंदा मंद, तेव्हा घरातली साठलेली भांडणं वर येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि इतवारी-महालाकडून मारबतीची, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडग्यांचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी. गर्दीत तिघं भावंडं लहानपणीच्या एकाच ओट्यावर उभी आहेत आणि आपण काय घेऊन जायला सांगतो आहोत ते प्रत्येकाच्या मनात आहे. नागपूरच्या कादंबरीनं असा दिवस वाया घालवू नये.

पुनर्लेखनाच्या वेळी एक परीक्षा करा. कोणताही प्रसंग घ्या आणि थोरल्याच्या जागी धाकटा बसवा. प्रसंग तसाच पुढे गेला तर तो काढून टाका, कितीही सुंदर लिहिला असला तरी. माझी स्वतःची चाळीस पानं अशी गेली आहेत.

आणि शेवटाकडे जाताना एक गोष्ट तपासा: इतकी वर्षं एका गल्ल्यावर बसून कोणाचं काही कोणाच्या अंगात उतरलं का? मोठे बाबा गेले त्यानंतर महिन्याभरानं मी दुकानात गेले होते. संध्याकाळ होती, काका एकटेच गल्ल्यावर होते. त्यांनी नोटांची गड्डी काढली, मोजली, मग उलटी धरली आणि पुन्हा मोजली. ते काही बोलले नाहीत. तुमच्या माणसालाही तिथे बोलू देऊ नका.